तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायका-पोरी परत कशा येतील?

प्रश्न थोडक्यात असा: खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी सुमारे सातशे खुर्च्यांची जुनी टॉकीज काही वर्षांपासून बंद आहे. घरातली पुढची पिढी तिचे दोन पडदे करून ती पुन्हा सुरू करायची म्हणते. गावातले जाणते सांगतात, "बाया काही आता थेटरात येत नाहीत, आणि बाया नाहीत तर घरचं कोणीच नाही." तर मग जागेत काय बदलायचे, कोणत्या क्रमाने? आणि टॉकीज चालली काय, बंद राहिली काय, गावाला खरेच फरक पडतो का?

जाणत्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. बायका आल्या नाहीत तर तालुक्याचे थेटर चालत नाही, कारण एक बाई ठरवते तेव्हा चार-पाच तिकिटे जातात आणि एक पोरगा ठरवतो तेव्हा दोन. पण त्या येत नाहीत याचे कारण मोबाईल नाही. १९९१ साली 'माहेरची साडी'ला गावोगावच्या बायका ट्रॅक्टर भरून गेल्या. २०२३ मध्ये, प्रत्येकीच्या हातात मोबाईल असताना, 'बाईपण भारी देवा'ला भिशीचे आणि बचत गटांचे घोळके नऊवारी-पैठणी नेसून गेले. इच्छा शाबूत आहे. अडते ते रस्त्यापासून खुर्चीपर्यंतच्या शंभर पावलांत आणि शो सुटल्यावर घरी पोहोचण्यात. नूतनीकरणाचा पैसा मात्र आधी स्पीकरला, मग रिक्लायनरला, मग दर्शनी काचेला जातो आणि उरलाच तर संडासाला. हा क्रम उलटा करा, बाकीचे उत्तर म्हणजे त्याचा तपशील.

आधी जुनी इमारत काय करत होती ते पाहा, म्हणजे पाडताना चुकीचे पाडले जाणार नाही. सिनेमाच्या जागेत बायकांची सोय हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ लागले, तेव्हाच चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर होते आणि पडदानशीन बायका व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स असल्याची जाहिरात होती. पुढे गावोगाव ज्या टॉकीज झाल्या, त्यांनी हाच हिशेब भिंतींत आणि जिन्यांत बसवला. पडद्याजवळ लोअर स्टॉल, मागे अप्पर, वर बाल्कनी. प्रत्येक वर्गाची खिडकी वेगळी, दार वेगळे, मुतारीसुद्धा वेगळी. लोअरचे पब्लिक बाजूच्या बोळातून आत जाणार आणि बोळातूनच बाहेर पडणार, बाल्कनीचा जिना दर्शनी ओसरीतून. ही विभागणी पैशाची होती, पण तिने काम केले बायकांना वाट मोकळी ठेवण्याचे. बाल्कनीचे तिकीट काढणाऱ्या घरातल्या बाईला गर्दीतून जावेच लागत नसे. ज्यांना बाल्कनी परवडत नव्हती त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी लेडीज खिडकी असायची. तिथे रांग छोटी, म्हणून हाउसफुलच्या दिवशी अनोळखी पुरुषही एखाद्या मावशीला विनवायचे, "दोन तिकिटं काढून द्या ना." तेवढ्या खिडकीपुरते पारडे बाईच्या बाजूला असे.

ही व्यवस्था मोडली ती एका ठरलेल्या क्रमाने. १९८२ नंतर रंगीत टीव्ही, मग व्हिडिओ, नव्वदीत केबल. घरचे लोक कमी झाले, पहिली ओस पडली ती बाल्कनी. भाडे निघावे म्हणून सकाळच्या शोला 'फक्त प्रौढांसाठी'चे जुने माल लागू लागले. त्यांची पोस्टरे फाटकावर, शाळा-कॉलेजच्या वाटेवर. पोस्टर सकाळच्या शोचे असले तरी नाव दिवसभरासाठी खराब होते, कारण फाटकातून आत जाताना कोणी पाहिले तर 'कोणत्या शोला' हे तो पाहणारा विचारत नाही. पाठोपाठ बाल्कनीची शेवटची रांग जोडप्यांची झाली आणि उरलेसुरले कुटुंबही तुटले. बायकांच्या संडासाला कुलूप लागले ते यानंतर, 'कोणी येतच नाही' म्हणून. पुन्हा सुरू करताना लोक उलटीकडून लागतात, म्हणजे संडास रंगवतात आणि पोस्टरच्या चौकटी तशाच ठेवतात.

मल्टिप्लेक्सने हा गुंता सोडवला, पण कसा ते लक्षात घ्या. दिल्लीत साकेतला १९९७ मध्ये पहिले मल्टिप्लेक्स निघाले, महाराष्ट्राने २००१ मध्ये करमणूक करात सवलत देणारे धोरण आणले आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर सिनेमा गेला. तिथे बाईला मोकळे वाटते यात शंका नाही. पण त्या मोकळेपणाची किंमत तिकिटाने आणि दारावरच्या गार्डने वसूल केली: खालच्या स्टॉलचा पोरगा आतच येईनासा झाला. तालुक्याच्या गावी हा उपाय चालत नाही. तिथे तोच पोरगा पहिल्या तीन दिवसांचा गल्ला भरतो आणि गावातली निम्मी बायामाणसे त्याच्याच घरची आहेत. पोरांना न हाकलता बायकांना जागा करून द्यायची, हे जास्त अवघड काम आहे आणि ते आराखड्यानेच होते.

आता रस्त्यावरून आत येऊ.

फाटकाच्या दोन्ही अंगांना पानटपऱ्या आणि समोर आडव्या लावलेल्या मोटारसायकली, हे नेहमीचे चित्र. टपऱ्या उठवू नका. भेळवाला, शेंगदाणेवाला, रसवंतीवाला हे रात्री साडेनऊलाही जागे असणारे, ओळखीचे डोळे आहेत आणि पगारी गार्डपेक्षा जास्त उपयोगी पडतात. फक्त त्यांना वाटेच्या दुतर्फा उभे राहू देऊ नका. फाटकापासून आठ-दहा मीटर बाजूला, सगळे एकाच अंगाला सरकवा, म्हणजे गिऱ्हाईक त्यांच्याकडे तोंड करून उभे राहील आणि वाटेकडे पाठ करेल. पायी येणाऱ्यांची वाट गाड्यांपासून वेगळी आणि निदान तीन मीटर रुंद हवी, म्हणजे दोन-दोनच्या जोड्या समोरासमोर आल्या तरी खांदा लागत नाही. अरुंद वाटेत 'चुकून' धक्का लागायला सबब मिळते, रुंद वाटेत ती मिळत नाही.

गाड्यांचा स्टँड बहुतेक ठिकाणी मागच्या अंधाऱ्या बाजूला असतो. दोन्ही पडद्यांच्या मिळून सुमारे चारशे खुर्च्या उरतील, त्यांना दीडशे दुचाक्या धरा, प्रत्येकीला ये-जा धरून तीन चौरस मीटर, म्हणजे साडेचारशे चौरस मीटर जागा. त्यातल्या फाटकाजवळच्या पहिल्या दोन रांगा मोपेड-स्कूटीला द्या. आज खानदेशातल्या तालुक्याच्या गावांत स्कूटीवर फिरणाऱ्या शिक्षिका, नर्सबाई, कॉलेजच्या मुली भरपूर आहेत. शो सुटल्यावर त्यांना मागच्या कोपऱ्यात गाडी शोधायला लावणे हे आराखड्यातले सगळ्यात स्वस्तात सुटणारे आणि सगळ्यात जास्त विसरले जाणारे कलम आहे. दोन्ही पडदे एकाच वेळी सोडू नका. वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवले की स्टँडवर चेंगराचेंगरी होत नाही.

उजेड म्हणजे उंच खांबावर एक मोठा फ्लडलाइट नव्हे. तो डोळ्यांत जातो आणि त्याच्यामागे काळीकुट्ट सावली पडते. चार मीटर उंचीचे खांब, आठ-दहा मीटरवर एक, आवारात सगळीकडे २० ते ३० लक्स (उजेड मोजायचे एकक). शेवटचा शो सुटल्यावर निदान अर्धा तास तो चालू ठेवा. वीज वाचवायला प्रेक्षक फाटकाबाहेर पडायच्या आत दिवे घालवणारे मॅनेजर सर्वत्र भेटतात.

तिकीट खिडकीचा जुना लोखंडी पाइपांचा पिंजरा काढून टाका. एक माणूस जेमतेम मावेल अशी ती गल्ली ब्लॅकवाल्यांना आवरायला केली होती. एकदा आत शिरले की पुढे-मागे पुरुष आणि बाहेर पडायला वाट नाही, म्हणून बाई तिच्यात कधी शिरलीच नाही. हात घालायचे भोकही नको, त्यात एका वेळी चार हात घुसतात. मोकळे काउंटर करा: उंची एक मीटर, त्याला लागून पाऊण मीटर उंचीचा एक भाग व्हीलचेअरसाठी आणि मुलांसाठी, समोर दोरीची वळणावळणाची रांग. वेगळी लेडीज खिडकी आता लागत नाही, पण गर्दीच्या दिवशी एक काउंटर बायका, म्हातारी माणसे आणि कडेवर मूल असलेल्यांसाठी ठेवावा. ऑनलाइन बुकिंग हवेच, पण त्यावर विसंबू नका. घरातला फोन बहुधा पोराच्या खिशात असतो आणि बाईकडे रोख असते. तिकीट करासकट ९५ रुपयांच्या आसपास ठेवा. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के. एक रुपयाने उंबरठा ओलांडला तर त्या रुपयाहून कितीतरी जास्त सरकारच्या खिशात जाते, वर प्रेक्षकही नाराज.

बॅग तपासायची असेल तर बाई कर्मचारी आणि पडद्याचा आडोसा हवा. बुरखा घालणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे नाही केले तर ती परत येत नाही, आणि तिच्या मोहल्ल्यातली दुसरीही नाही. काउंटरवरच्या पोराला बोलण्याचे वळण लावा. सातपुड्याकडून आलेल्या पावरा किंवा भिल्ल बाईशी तो 'ए' करून बोलला तर बाकीचे सगळे रंगकाम वाया गेले समजा. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा इथल्या थेटरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता संडास, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो. जुन्या टॉकीजमध्ये बायकांचा संडास पडद्याच्या बाजूच्या अंधाऱ्या बोळाच्या टोकाला आणि वाट पुरुषांच्या मुतारीवरून. तिथे कोणी एकटी जात नसे. जोडीने जावे लागे किंवा तीन तास पाणीच प्यायचे नाही, हा रिवाज. नव्या आराखड्यात दार थेट फॉयरमध्ये (हॉलबाहेरच्या मोठ्या दालनात), कँटीनच्या काउंटरवरून दिसेल असे, पण आतला भाग दिसणार नाही असा आडवा पडदीचा वळसा. पुरुषांचे दार दुसऱ्या टोकाला.

संख्या क्षेत्रफळावर नव्हे, मध्यंतरावर काढा. १९० खुर्च्यांचा एक पडदा भरला, त्यात ९० बायका-मुली. मध्यंतरात त्यातल्या निम्म्या म्हणजे ४५ जणी उठतील. साडी, लहान मूल, हात धुणे धरून संडासाच्या एका भांड्यावर सरासरी दोन मिनिटे जातात. १२ मिनिटांच्या मध्यंतरात एक भांडे सहा जणींना पुरते, म्हणजे आठ भांडी लागली. आर्किटेक्ट बहुधा तीन किंवा चार दाखवतो, 'पुरुषांइतकीच' म्हणून. पण पुरुषांकडे चार भांड्यांच्या जोडीला सहा मुताऱ्याही असतात, ते तो मोजत नाही. चार भांडी केली तर शेवटच्या वीस-बावीस जणी सिनेमा सुरू झाल्यावर अंधारात परततील, रांगेतल्या गुडघ्यांवरून. दोन्ही पडद्यांची मध्यंतरे अर्ध्या तासाने वेगळी पडतील असे पाहिले तर तीच आठ भांडी दोघांना पुरतात. निम्मी भारतीय, निम्मी कमोड. प्रत्येकात हूक आणि छोटी फळी, कारण पर्स आणि पदर एका हातात धरून कोणालाच काही करता येत नाही. झाकणाचा डबा, हँडस्प्रे, आतून लागणारी कडी. कडी तुटली की त्याच दिवशी बदला, सोमवारी नाही.

हे सगळे पाण्यावर उभे आहे, आणि आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून लांब. प्रतिखुर्ची दिवसाला १५ लिटर हा मान्य ठोकताळा आहे. ३८० खुर्च्यांना ५,७०० लिटर, पाच दिवसांचा साठा २८,५०० लिटर. म्हणजे तीस हजार लिटरची टाकी, अग्निशमनाची टाकी त्याहून वेगळी. टाकी लहान ठेवली की एप्रिलमध्ये पहिला बंद होतो तो बायकांचाच संडास.

सभागृह दोन करताना तीन मार्ग सुचवले जातात. समजा जुना हॉल १६ मीटर रुंद आणि ३३ मीटर लांब आहे. मधोमध लांबीने भिंत घातली तर साडेसात मीटर रुंदीचे दोन बोगदे होतात. पडदा जेमतेम साडेसहा मीटरचा आणि शेवटची रांग २८ मीटरवर, तिथून पडदा १३ अंशांत मावतो, म्हणजे घरच्या टीव्हीसारखा. तो मार्ग सोडा. दुसरा, बाल्कनी पुढे वाढवून वर एक पडदा. यात खालच्या हॉलचे छत ठेंगणे होते, जुन्या स्लॅबवर नवे ओझे येते (संरचना तपासणीशिवाय हात लावू नका) आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना वर चढावे लागते. तिसरा, आडवी भिंत घालून पुढे-मागे दोन हॉल. प्रत्येकी सोळा मीटर लांबी, पडदा १० मीटर रुंद, स्कोपमध्ये (रुंद पडद्याच्या सिनेमात) उंची ४.२ मीटर. पहिली रांग पडद्यापासून सहा मीटरवर, म्हणजे मान ३५ अंशांपेक्षा वर करावी लागत नाही. रांगेतले अंतर १.१ मीटर धरून आठ रांगा, शेवटची १३.७ मीटरवर. तिथून पडदा ४० अंशांत दिसतो, उत्तम. पुढच्या हॉलला बाजूने पॅसेज लागतो. तो रुंद आणि उजेडाचा ठेवा, नाहीतर जुना बोळ नव्या रंगात परत येतो. मधली भिंत दुहेरी, मध्ये पोकळी आणि आवाज शोषणारे रॉकवूल. एकेरी विटांची भिंत घातली तर शेजारची मारामारी इकडच्या रडारडीत ऐकू येते.

आठ रांगांत २४-२४ खुर्च्या मिळून १९२ होतात. त्या भिंतीलगतच्या दोन वाटांमध्ये एकसंध लावू नका. मधल्या बाईला मूल घेऊन उठायचे तर अकरा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. सहा-बारा-सहा असे तुकडे करून वाटा आत घ्या. खुर्च्या तेवढ्याच राहतात, आणि वाट कोणापासूनही सहा खुर्च्यांपेक्षा लांब नाही. शिवाय सहाचा तुकडा आपल्याकडच्या घोळक्याला बरोबर बसतो: सासू, दोन सुना, नणंद, दोन पोरं.

'फक्त महिलांसाठी' अशी कायमची रांग आखण्याच्या मी विरुद्ध आहे. तशी पाटी लावली की उरलेला हॉल आपोआप पुरुषांचा ठरतो आणि त्या रांगेबाहेर बसलेल्या बाईलाच लोक विचारतात, "तुम्ही इकडे कशा?" त्यापेक्षा विक्रीचे वळण बदला. पोरांचे गट पुढून आणि उजवीकडून भरा, कुटुंबे मागून आणि मधून. एकटी किंवा दोघी बायका असतील तर वाटेलगतची खुर्ची, डोअरकीपरच्या जागेपासून दोन-तीन रांगांत. हॉल ८० टक्के भरेपर्यंत अनोळखी गटांमध्ये एक खुर्ची रिकामी. बुकिंगच्या संगणकात हे नियम घालून घेता येतात, न घालता मिळणारी प्रणाली कोपऱ्यापासून भरत जाते.

दिवे एकदम घालवू नका, आठ-दहा सेकंदांत मंद करा. पायऱ्यांच्या कडेला एक-दोन लक्सचे दिवे पूर्ण वेळ. उशिरा येणाऱ्याला डोअरकीपरने बॅटरी जमिनीवर धरून बसवावे, तोंडावर मारू नये. प्रत्येक पडद्याला दोन डोअरकीपर, त्यात एक बाई. आणि ती टिकावी असे वाटत असेल तर नऊच्या शोनंतर तिला घरी पोहोचवायची सोय करा. बाई डोअरकीपर मिळत नाही ही तक्रार बहुतेक ठिकाणी खरी नसते. मिळते, पण दोन महिन्यांत सोडते, कारण रात्री साडेबाराला रिक्षा नसते.

छेडछाडीची तक्रार आली तर खुर्ची बदलायची ती त्या पुरुषाची. बाईला 'ताई, तुम्ही इकडे बसा' म्हणून उठवणे ही सगळ्यात रूढ चूक आहे, त्याने संदेश चुकीच्या माणसाला जातो. पहिल्यांदा माणसाला फॉयरमध्ये आणा, नाव आणि तिकीट क्रमांक लिहून घ्या, तिची इच्छा असेल तर ११२ ला फोन करा. तिकिटाचे पैसे परत देऊन विषय मिटवू नका. तुमचे कर्मचारी दहा किंवा जास्त असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. कामावरच्या बायकांचे संरक्षण नसेल तर प्रेक्षक बायकांचे कुठून होणार? हॉलमध्ये सीसीटीव्ही लावायचाच असेल तर तो दारे आणि वाटांवर. अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रणे बाहेर फुटल्याच्या तक्रारी देशात झालेल्या आहेत. चित्रण एकाच माणसाच्या ताब्यात, मोबाईल ॲपवर अजिबात नाही.

बाहेर पडण्याच्या दारांबद्दल तडजोड नको. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसे गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची, माणसे गुदमरली बाल्कनीत. तिथली उजवीकडची वाट जादा खुर्च्या घालून बुजवलेली होती आणि आठ खुर्च्यांचा खासगी बॉक्स बाहेरच्या दाराच्या आड आलेला होता. 'फॅमिली बॉक्स' काढायची कल्पना प्रत्येक मालकाला सुचते, म्हणून हे सांगतो. दुसरी सवय, फुकटे शिरतात म्हणून बाजूच्या दारांना बाहेरून कडी, आणि हल्ली तिला 'बायकांच्या सुरक्षेसाठी' असे नाव. आतून ढकलताच उघडणारा पॅनिक बार लावा, दार उघडले की घंटा वाजेल असे करा, फुकटेही थांबतात. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो आणि त्यांची तपासणी एखाद्या दिवशी होते. दार मात्र रोज उघडून पाहायचे असते. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण आपल्याला लागून. तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये भर शोमध्ये प्रेक्षकांत फटाके फुटले होते. तिथल्या यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी अख्ख्या गावाचा उत्साह एकाच हॉलमध्ये येतो. शिट्ट्या, नाच चालू द्या, त्यासाठी पडद्यापुढे दोन मीटर मोकळे ठेवा. पण दारावर खिसे तपासा.

थंडाव्याबद्दल थोडेच. एप्रिल-मेमध्ये कोरड्या उन्हात डक्टचा मोठा कूलर चालतो, पण जूनपासून तोच कूलर दमटपणा आणि कुबट वास देतो. बारा ते पंधरा खुर्च्यांमागे एक टन या हिशेबाने एसी घ्या, ताजी हवा आत घेणारा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारचा गारवाच तिकीट विकतो. त्या शोला लहान मुलांच्या आया येतात, सिनेमा कोणताही असो.

वेळा हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. बारा-तीन-सहा-नऊ हे वेळापत्रक गावात राहणाऱ्यांचे आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आजूबाजूच्या वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावांतली बाई बाजाराला, दवाखान्याला, बस्त्याला पूर्वीपेक्षा जास्त येते. ती सिनेमासाठी म्हणून निघत नाही. निघायला 'काम' लागते आणि सिनेमा त्याला जोडून पाहता येतो. म्हणून आगारातून शेवटच्या आणि मुक्कामी गाड्यांच्या वेळा लिहून आणा आणि उलटी मोजणी करा. गाडी साडेसहाची, स्टँडपर्यंत चालणे आणि पिशव्या गोळा करणे अर्धा तास, म्हणजे सिनेमा सहाला सुटला पाहिजे. जाहिराती आणि मध्यंतर धरून पावणेतीन-तीन तास, म्हणजे तीनला सुरू केलेल्या शोला थोडाही उशीर परवडत नाही, पावणेतीनला सुरू करा. जिथे सुरत-भुसावळ मार्गाची पॅसेंजर सोयीची, म्हणजे नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, तिथे गाडीच्या वेळा धरा. भुसावळला रेल्वेच्या ड्यूट्या पाहा.

आणि आखाजी विसरू नका. अक्षय्य तृतीयेला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके, गौराईची गाणी, आठवडाभर मोकळीक. सासुरवाशीण वर्षातून एकदाच मैत्रिणींसोबत, कोणाला न विचारता, गावात फिरते ती तेव्हा. त्या आठवड्यात सकाळी अकराचा शो काढा, घोळक्याला एकत्र जागा द्या, आणि वितरकाकडून कुटुंबाचा सिनेमा महिनाभर आधी पक्का करा. श्रावणात कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या सणाच्या) रविवारी मात्र शो रिकामे जातील, त्या दिवशी दुरुस्ती काढा. कपाशीचा पैसा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत घरात असतो, मोठे सिनेमे त्या काळात मागा.

गावाला फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळी सातनंतर मिळते. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या नवी पेठेत दुकाने उघडी असेपर्यंत बायका दिसतात, शटर पडले की नाहीशा होतात. तालुक्याच्या गावी हे आठलाच होते. सहाचा शो नऊला सुटणारी टॉकीज ही रस्त्यावर एकदम पन्नास-साठ बायका आणणारी गावातली बहुधा एकमेव जागा असते. त्यांच्यामुळे रिक्षा थांबतात, कुल्फीवाला थांबतो, मेडिकल अर्धा तास जास्त उघडे राहते, आणि त्या उजेडात क्लासवरून परतणारी मुलगीही निर्धास्त चालते. त्यासाठी थेटराचे तोंड रस्त्याकडेच हवे. पुढची जागा दुकानगाळे काढून बुजवली आणि प्रवेश मागून दिला तर भाडे मिळेल, पण रस्ता पुन्हा आठला झोपेल. दर्शनी ओसरी ठेवा, दोन-तीन दगडी बाक टाका, तिकीट नसलेल्यालाही बसू द्या.

सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दारावर एक साधी वही ठेवा: प्रत्येक शोला एकूण किती, बायका किती, आणि पुरुषाशिवाय आलेल्या बायका किती. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. तो दुपारी भरतो आणि सहाला रिकामा असेल तर अडचण गाडीच्या वेळेची किंवा आवारातल्या उजेडाची आहे. पहिल्या आठवड्यात भरून दुसऱ्यात पडला तर संडास किंवा डोअरकीपर तपासा, त्या एकदा येऊन गेल्या आणि काहीतरी खटकले. सर्व शोंना रिकामाच असेल तर फाटकापासून पुन्हा चालत या, शक्यतो गावातल्या दोन-तीन बायकांना सोबत घेऊन, आणि त्या जिथे पाय आखडता घेतील तिथे थांबा.